लहान आतड्याचे दर्शन: क्रोन आजार आणि कॅप्सूल एंडोस्कोपीचा इतिहास

माणसाचे लहान आतडे सुमारे सहा मीटर लांब असते. तोंडावाटे घातलेली दुर्बीण त्याच्या सुरुवातीच्या भागापर्यंत जाते, तर गुदमार्गाने घातलेली दुर्बीण त्याच्या शेवटच्या काही सेंटिमीटरपर्यंत. मधला बहुतांश भाग विसावे शतक संपेपर्यंत पोट उघडल्याशिवाय क्वचितच नीट पाहता येत असे. क्रोन आजार नेमका याच भागात पुष्कळदा दडून बसतो.

१९१३ साली ग्लासगो येथील शल्यचिकित्सक केनेडी डॅलझिएल यांनी आतड्याच्या एका जुनाट दाहाचे वर्णन केले. तो क्षयासारखा दिसत होता, पण त्यात क्षयाचे जंतू सापडत नव्हते. १९३२ साली न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातील बरिल क्रोन, लिओन गिंझबर्ग आणि गॉर्डन ओपेनहायमर यांनी अशाच १४ रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला आणि पुढे या आजाराला क्रोन यांचे नाव मिळाले. हा क्षय नव्हे, हे दाखवणे त्यांच्याही मांडणीत महत्त्वाचे होते.

त्यानंतर अनेक दशके निदानाची भिस्त बेरियम पाजून काढलेल्या क्ष-किरण चित्रांवर राहिली. त्यांत अरुंद झालेले आतडे दिसे. अंतःत्वचेवरचे लहान, उथळ व्रण मात्र निसटत. परिणामी अनेक रुग्ण पोटदुखी, जुलाब, रक्तक्षय आणि घटते वजन सोशीत वर्षानुवर्षे निदानाविना राहत.

ही कोंडी फोडणारी कल्पना वैद्यकाबाहेरून आली. इस्रायलचे अभियंते गॅव्रिएल इद्दान क्षेपणास्त्रांना ‘दृष्टी’ देणाऱ्या प्रकाशीय यंत्रणांवर काम करीत. बोस्टनमधील वास्तव्यात पोटविकारतज्ज्ञ आयतान स्कापा यांच्याशी झालेल्या संभाषणांतून लहान आतड्याची ही अडचण त्यांना समजली. लंडनचे पॉल स्वेन याच ध्येयाने स्वतंत्रपणे प्रयोग करीत होते. पुढे दोघे एकत्र आले आणि १९९९ साली स्वेन यांनी स्वतःच ती कॅप्सूल गिळून पाहिली. २००० साली ‘नेचर’मध्ये या साधनाचा वृत्तांत आला व २००१ साली अमेरिकेत त्याच्या वापरास मान्यता मिळाली. सुमारे ११ मिलिमीटर रुंद आणि २६ मिलिमीटर लांब असलेल्या त्या कॅप्सूलमध्ये कॅमेरा, दिवे, बॅटरी आणि प्रक्षेपक होता. आतड्याच्या स्वाभाविक हालचालीने पुढे सरकत ती सेकंदाला दोन छायाचित्रे कमरेला बांधलेल्या यंत्राकडे पाठवी.

२००३ साली इस्रायलमधील वैद्यांनी क्रोनचा संशय असलेल्या, पण नेहमीच्या तपासण्यांत काहीच न आढळलेल्या १७ रुग्णांना ही कॅप्सूल दिली. त्यांपैकी १२ जणांत आजाराचे निदान झाले. अभ्यास लहान होता. तरी ज्यांच्या वेदनेचे कारण सापडत नव्हते, अशांसाठी तो आशादायक ठरला.

मर्यादाही लवकरच उमगल्या. आतडे अरुंद झाले असल्यास कॅप्सूल अडकू शकते. प्रसंगी ती शस्त्रक्रियेने काढावी लागते. म्हणून संशयित रुग्णाला आधी आपोआप विरघळणारी चाचणी-कॅप्सूल देण्याची पद्धत आली. दुसरी मर्यादा अधिक मूलभूत आहे: कॅप्सूल व्रण दाखवते, पण त्याचा तुकडा काढून आणू शकत नाही. वेदनाशामक गोळ्यांनीही तसेच व्रण होतात.

भारतात ही मर्यादा विशेष जाचते, कारण येथे आतड्याचा क्षय आजही आढळतो. दोन्ही आजार लहान आतड्याच्या शेवटच्या भागाला प्राधान्याने ग्रासतात आणि दोहोंचे व्रण पुष्कळदा सारखे दिसतात. क्षयाला क्रोन समजून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे दिली, तर क्षय शरीरभर पसरू शकतो. क्रोनला क्षय समजले, तर योग्य उपचाराचे मोलाचे महिने वाया जातात. म्हणून भारतीय वैद्य कॅप्सूलच्या चित्रांसोबत सीटी स्कॅन, ऊतकपरीक्षा आणि जंतूंचा शोध यांचाही आधार घेतात. खोलवरचा तुकडा मिळवण्यासाठी फुग्याच्या साहाय्याने पुढे सरकणारी दुर्बीण वापरता येते. तरीही उलगडा न झाल्यास क्षयाची औषधे देऊन काही महिन्यांनी व्रण पुन्हा तपासले जातात. या औषधांनी क्रोनच्या काही रुग्णांनाही तात्पुरते बरे वाटते. म्हणून केवळ लक्षणांवर न विसंबता व्रण खरोखर भरले का, हे पाहावे लागते.

डॅलझिएल यांना १९१३ साली पडलेला प्रश्न भारतीय रुग्णालयांत आजही रोज विचारला जातो. कॅप्सूलने व्रण डोळ्यांसमोर आणला. तो कशाचा, हे ठरवण्याचे काम अजून वैद्याकडेच आहे.