बेने इस्राएल : कुटुंबजीवन

महाराष्ट्रातील मराठीभाषक ज्यू समाज म्हणजे बेने इस्राएल. मूळ वस्ती आजच्या रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीत. परंपरेनुसार नवगावजवळ गलबत फुटून वाचलेले सात पुरुष आणि सात स्त्रिया हे या समाजाचे पूर्वज. ही घटना केव्हाची, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. तेल गाळण्याचा व्यवसाय आणि शनिवारी घाणा बंद, यामुळे गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. दिवेकर, पेणकर, रोहेकर, किहीमकर ही आडनावे गावांवरून आली.

अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत त्यांच्याजवळ सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनामंदिर, नव्हते. शतकानुशतके धर्म टिकला तो घराच्या उंबऱ्याच्या आत. मुलाची आठव्या दिवशी सुंता, शब्बाथचा, म्हणजे शनिवारचा, विसावा, खवले व पर असलेलीच मासळी, आणि प्रत्येक प्रसंगी ‘शेमा’ ही प्रार्थना, एवढी त्यांची शिदोरी. योम किप्पूरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाला, ते ‘दारफळणीचा सण’ म्हणत : दारे लावून, उपास धरून कुटुंब दिवसभर आत. नावे मात्र शेजाऱ्यांसारखीच. १७९६ मध्ये मुंबईत पहिले सिनेगॉग बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर घरीदारी सामाजी हसाजी होते.

कौटुंबिक विधींत सर्वांत जिवंत तो मलिदा. नवस फेडताना, लग्नाआधी किंवा नव्या घरात हा विधी होतो. भिजवलेल्या गोड पोह्यांत ओले खोबरे, वेलदोडा व सुकामेवा कालवून ताटात रास करतात, भोवती फळे मांडतात आणि एलियाहू हनाबी, म्हणजे प्रेषित एलिया, याचे स्मरण करून हिब्रू प्रार्थना म्हणतात. अलिबागजवळच्या खंडाळे येथील खडकावरच्या खुणा एलियाच्या रथाच्या मानल्या जातात; कुटुंबे तेथेही नवस फेडायला जातात. कोकणच्या मातीत रुजलेला असा विधी इतर ज्यूंत आढळत नाही.

या समाजाला आपल्या कुळाचा अभिमान होता, पण त्याला काळी बाजूही होती. आई समाजाबाहेरची असलेल्यांच्या वंशजांना ‘काळे’ म्हणत आणि बाकीचे, म्हणजे ‘गोरे’, त्यांच्याशी सोयरीक करत नसत. पुढे वंशाचा हाच प्रश्न साऱ्या समाजावर उलटला. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबे इस्राएलला गेली. घटस्फोट आणि विधवा भावजयीचा विवाह यांविषयीचे ज्यू नियम भारतात पाळले गेले होते का, अशी शंका तिथल्या धर्मगुरूंनी काढली. १९६२ मध्ये इस्राएलचे मुख्य रब्बी (धर्मगुरू) इत्झाक निस्सिम यांनी आदेश काढला : बेने इस्राएल व्यक्तीने दुसऱ्या ज्यू गटात लग्न करायचे, तर आधी तिच्या आई-आजीपर्यंतच्या, जमेल तितक्या मागच्या पिढ्या तपासाव्यात. ज्यांच्या पूर्वजांनी ग्रंथांवाचून धर्म राखला, त्यांच्याकडे वंशावळीचे पुरावे मागणे हा निव्वळ अन्याय होता. समाजाने जेरुसलेममध्ये ठिय्या दिला. ऑगस्ट १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेने त्यांना सर्व बाबतींत समान ज्यू मानावे असा ठराव केला. त्यानंतर आदेशातून समाजाचे नाव वगळण्यात आले. दिमोना, अश्दोद, लोद येथील मराठी ज्यू घरांत लग्नाआधी आजही मेंदी लागते आणि मलिद्याचे ताट भरते.