अफू पिकवणाऱ्या देशातलं दुखणं

फेब्रुवारी-मार्चमध्ये नीमच-मंदसौरच्या शिवारात अफूच्या बोंडांना चिरा देण्याचं काम चालतं. दुपारी चीर पडते, रात्रभर त्यातून पांढरा चीक पाझरतो, हवेला लागून तांबूस होत घट्ट होतो आणि सकाळी उन्हाच्या आत तो खरवडून घेतात. एकाच बोंडाला अशा तीन-चार वेळा चिरा देतात. परवाना सरकारचा आणि खरेदीदारही सरकारच. हा चीक नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत जातो, तिथे त्यातून मॉर्फिन वेगळं काढतात. कर्करोगाच्या रुग्णांना त्याच मॉर्फिनच्या गोळ्या देणं हे माझं रोजचं काम. मी रुग्णालयातली फार्मासिस्ट. अफूचा सगळा इतिहास माझ्या दोन कुलपांच्या कपाटापर्यंत येऊन थांबतो, म्हणून तो मला सांगावासा वाटतो.

१८१८ साली मराठी सत्ता संपली, पण नीमच-मंदसौर ज्या माळव्यात येतात त्याचा मोठा भाग शिंदे-होळकरांच्या संस्थानांत राहिला. बंगालच्या अफूवर ईस्ट इंडिया कंपनीची मक्तेदारी होती. माळव्याच्या अफूवर तिचा हात चालेना. व्यापाऱ्यांनी राजपुताना आणि सिंधमधून कराचीचा रस्ता धरला आणि पोर्तुगीजांच्या दमणमधून माल चीनला धाडला. शेवटी १८३०च्या सुमारास कंपनीने नमतं घेतलं आणि पेटीमागे शुल्क आकारून मुंबई बंदर खुलं केलं. १८४३ मध्ये सिंध इंग्रजांच्या ताब्यात गेल्यावर दुसरी वाटच उरली नाही. मुंबईतल्या अनेक पेढ्या या व्यापारावर उभ्या राहिल्या. सर जमशेटजी जीजीभॉय यांची संपत्ती चीनशी केलेल्या कापूस आणि अफूच्या व्यापारातली, आणि १८४५ मध्ये सुरू झालेलं जे. जे. रुग्णालय त्यांच्याच देणगीतून उभं राहिलं. चीनमधल्या लाखोंना व्यसनात लोटणारा पैसा आणि मुंबईच्या गोरगरिबांना मिळालेले उपचार, दोन्हींचा उगम एकच. यातली एक बाजू झाकून दुसरी सांगता येणार नाही.

अफू वेदना शमवते हे माणसाला हजारो वर्षं ठाऊक होतं. अडचण मात्रेची होती. एका शेतातली अफू जहाल, दुसऱ्यातली सौम्य. तेवढ्याच वजनाने एकाला झोप लागे, तर दुसऱ्याचा श्वास बंद पडे. १८०४-०५च्या सुमारास जर्मनीतल्या पाडरबॉर्न गावी एका औषधाच्या दुकानात काम करणाऱ्या फ्रीडरिश झेर्टुर्नर या विशीतल्या तरुणाने अफूतलं गुणकारी द्रव्य वेगळं काढलं. तेच मॉर्फिन. १८२७ मध्ये औषधविक्रेता मर्कने डार्मश्टाटला त्याची विक्री सुरू केली. आता मात्रा मोजता येऊ लागली. माझ्या व्यवसायाचा खरा जन्म मी या मोजता येण्यात पाहते.

मॉर्फिन करतं काय, हे कळायला मात्र पुढची दीडशेहून अधिक वर्षं गेली. पोटात गाठ वाढते तेव्हा तिथल्या मज्जातंतूंच्या टोकांशी सोडियमची सूक्ष्म दारं उघडतात, विजेचा संदेश निघतो आणि पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूपर्यंत पोहोचतो. तिथे तो पुढच्या पेशीकडे सोपवला जातो आणि मेंदूकडे जातो. हा संदेश सोपवण्याची क्रियाच मॉर्फिन मंदावतं. १९७३ मध्ये मेंदूत त्याच्यासाठी ग्राहक रेणू सापडले. १९७५ मध्ये अॅबरडीनला जॉन ह्यूज आणि हान्स कॉस्टरलिट्झ यांनी डुकरांच्या मेंदूतून एन्केफॅलिन शोधून काढलं. म्हणजे शरीर स्वतःच अफूसारखं द्रव्य तयार करतं. मॉर्फिन त्याच ग्राहकांवर जाऊन बसतं. आणखी एक गोष्ट कळली: तीव्र वेदना उपचाराविना चालू राहिली, की मज्जारज्जूतल्या पेशी अधिकाधिक हळव्या होतात आणि साध्या स्पर्शानेही दुखू लागतं. ‘सहन करा’ हा सल्ला म्हणूनच शास्त्राला धरून नाही.

१९८६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनेसाठी पायऱ्या आखून दिल्या. तीव्र वेदनेसाठी तोंडाने घ्यायचं मॉर्फिन. त्याच वर्षी वांद्र्याला शांती आवेदना सदन सुरू झालं, देशातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची शुश्रूषा करणारी संस्था. पण त्याच्या आदल्या वर्षी, नोव्हेंबर १९८५ मध्ये, अमली पदार्थांविरुद्धचा एनडीपीएस कायदा लागू झाला होता. त्याचा रोख तस्करांवर होता. फटका रुग्णांना बसला. कडक शिक्षा, प्रत्येक राज्याचे वेगळे नियम, वेगवेगळ्या खात्यांचे चार-पाच परवाने. एकाची मुदत संपेपर्यंत दुसरा हातात पडत नसे. औषधविक्रेत्यांनी मॉर्फिन ठेवणं सोडलं. १९९७ मध्ये एवढ्या मोठ्या देशात वर्षभरात अवघं १८ किलो मॉर्फिन वापरलं गेलं. बारा वर्षांत वापर ९७ टक्क्यांनी घटला होता. शेतात पीक उभं होतं, अफू परदेशी कारखान्यांना जात होती, आणि इथे माणसं तळमळत मरत होती. ते औषध कधी हाताळलंच नाही अशा डॉक्टरांची एक पिढी तयार झाली.

वाट दाखवली ती केरळने. १९९३ मध्ये कोळिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. एम. आर. राजगोपाल आणि सहकाऱ्यांनी वेदनाशमनाची संस्था उभी केली आणि नियम सोपे करून घेतले. गैरवापर न होता घरोघरी मॉर्फिन देता येतं हे त्यांनी करून दाखवलं. २००७ मध्ये हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि २०१४ मध्ये संसदेने कायदा दुरुस्त केला. आता मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच परवानगी पुरते.

आमच्याकडे दहा मिलिग्रॅमची गोळी दर चार तासांनी असते: सहा, दहा, दोन, सहा, आणि रात्री दहाला दुप्पट, म्हणजे झोपमोड होत नाही. सोबत बद्धकोष्ठतेची गोळी द्यावीच लागते. वाचता न येणाऱ्यांसाठी मी पाकिटावर सूर्य-चंद्र काढून देते. शून्य ते दहाची पट्टी जुन्या माणसांना रुचत नाही. ‘सोळा आणे दुखत होतं बाई, आता चार आणे राहिलंय,’ असं एक आजी म्हणाल्या, आणि मी वहीत तसंच लिहिलं. नातेवाईक मात्र दबक्या आवाजात विचारतात, ‘मॅडम, हे शेवटचं औषध ना?’ नाही. दुखणं थांबलं की माणूस जेवतो, झोपतो, नातवंडांशी बोलतो.

नवी औषधं येत आहेत. उत्तर पाकिस्तानातला एक मुलगा रस्त्यावर सुऱ्या हातात खुपसून, निखाऱ्यांवर चालून खेळ करायचा; त्याला वेदनाच होत नसत. चौदावं वर्ष पूर्ण होण्याआधी छतावरून उडी मारून तो गेला. त्याच्या नातलगांच्या अभ्यासातून २००६ मध्ये सोडियमच्या एका दाराचं जनुक सापडलं. त्याच कुळातलं दुसरं दार बंद करणाऱ्या सुझेट्रिजिनला जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. ते मज्जारज्जूत किंवा मेंदूत न जाता वाटेतच संदेश अडवतं. पण ती मान्यता तात्पुरत्या तीव्र वेदनेपुरती आहे, कर्करोगाच्या दीर्घ दुखण्यासाठी नाही. या संशोधनाचं मला मनापासून कौतुक आहे, तरी त्याची वाट पाहत बसण्याचं कारण नाही. दोनशे वर्षांपूर्वी सापडलेलं स्वस्त औषध आपल्याच मातीत पिकतं आहे.

तुमच्या घरात कुणी कर्करोगाने तळमळत असेल, तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा: मॉर्फिन इथे मिळतं का, आणि नसेल तर जवळ कुठे मिळेल? उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा. वेदनेतून सुटका मागणं हा रुग्णाचा हक्क आहे.