तीस वर्षांच्या व्याजाचे भाकीत

१९२०च्या दशकात अमेरिकेत घर घ्यायचे तर साधारण निम्मी रक्कम आधीच गाठीशी असावी लागे. उरलेल्या रकमेचे कर्ज मिळे ते तीन ते पाच वर्षांपुरते. मुदतभर बहुधा नुसते व्याज भरायचे आणि शेवटी सगळे मुद्दल एकरकमी फेडायचे, असा करार असे. प्रत्यक्षात एकरकमी फेडणारे थोडेच. मुदत संपली की कर्जाचे नूतनीकरण होई, त्या दिवशी चालू असेल त्या दराने. पुढचा दर काय असेल याचा घोर कर्जदाराने करायचा. १९२९नंतर बँकाच बुडू लागल्या, तेव्हा दराचा प्रश्नही मागे पडला, कारण नूतनीकरण करायलाच कोणी उरले नाही. १९३३मध्ये दिवसाला सुमारे हजार घरांवर जप्ती येत होती.

त्याच वर्षी सरकारने स्थापन केलेल्या होम ओनर्स लोन कॉर्पोरेशनने थकलेली कर्जे सावकारांकडून विकत घ्यायला सुरुवात केली. तीन वर्षांत सुमारे दहा लाख कर्जे अशी नव्याने बांधली गेली : पंधरा वर्षांची मुदत, पाच टक्के स्थिर दर आणि दरमहा समान हप्ता, ज्यात व्याजाबरोबर मुद्दलही फिटत जाई. १९३४मध्ये फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशनने अशा कर्जांना विम्याचे छत्र दिले, १९३८मध्ये ती विकत घेणारी फॅनी मे निघाली. मुदत वीस, पंचवीस अशी वाढत गेली. १९४८मध्ये नव्या घरांसाठी आणि १९५४मध्ये जुन्या घरांसाठी विम्याच्या कर्जाला तीस वर्षांची मुभा मिळाली.

या व्यवस्थेने कर्जदाराचा घोर उचलून कर्ज देणाऱ्याच्या माथी ठेवला. घरकर्जे मुख्यतः ‘सेव्हिंग्ज अँड लोन’ नावाच्या बचतसंस्था देत. ठेवी घ्यायच्या अल्प मुदतीच्या आणि तो पैसा अडकवायचा तीस वर्षांसाठी, असा त्यांचा व्यवहार. ठेवींवरच्या व्याजाला सरकारी कमाल मर्यादा होती आणि महागाई आटोक्यात होती, तोवर यातला धोका कोणाला जाणवला नाही. दराचे भाकीत करणाऱ्यांना त्या काळात फारसे गिऱ्हाईकही नव्हते.

एप्रिल १९७१मध्ये फ्रेडी मॅक या संस्थेने देशभरच्या घरकर्जदरांची साप्ताहिक पाहणी सुरू केली. पहिली नोंद ७.३३ टक्क्यांची. त्यानंतर महागाईने दर वर चढवला. ऑक्टोबर १९७९मध्ये अमेरिकेची मध्यवर्ती बँक फेडरल रिझर्व्ह ऊर्फ ‘फेड’ हिचे अध्यक्ष पॉल व्होल्कर यांनी महागाई मोडायचीच असे ठरवून पतपुरवठा आवळला, आणि ९ ऑक्टोबर १९८१ रोजी तीस वर्षांच्या कर्जाचा दर १८.६३ टक्क्यांवर पोचला. पाहणीच्या इतिहासातला हा उच्चांक. या दराने एक लाख डॉलरचे कर्ज घेणाऱ्याला महिन्याला सुमारे १,५५९ डॉलर भरावे लागत. पहिल्या हप्त्यातले १,५५२ डॉलर ५० सेंट व्याजात जात, मुद्दलातून सहा डॉलर कमी होत. बचतसंस्थांच्या कपाटात मात्र सहा-सात टक्क्यांची जुनी कर्जे पडून होती आणि ठेवीदार टिकवायला त्याच्या दुपटीने व्याज मोजावे लागत होते. १९८६ ते १९९५ या काळात हजाराहून अधिक बचतसंस्था बुडाल्या. कारणे पुढे अनेक जमली, पण पहिला तडा इथला.

भाकीत करणाऱ्यांचे दिवस आले ते याच सुमारास. सॉलोमन ब्रदर्स या गुंतवणूक बँकेचे अर्थतज्ज्ञ हेन्री कॉफमन दर चढतच राहणार असे वर्षानुवर्षे सांगत आले होते आणि ते खरेही ठरत होते. ‘डॉक्टर डूम’ हे टोपणनाव त्यांना त्यातूनच चिकटले. १७ ऑगस्ट १९८२ रोजी त्यांनी आपले मत फिरवले : दर आता उतरतील. त्या एका दिवसात डाऊ जोन्स निर्देशांक ३८.८१ अंकांनी उसळला, तोवरची ती सर्वांत मोठी उडी होती. भाकीत खरे ठरले; पुढची जवळजवळ चाळीस वर्षे, मधले चढउतार सोडले तर, दर उतरत गेला. एवढे यश त्यानंतर फार कमी अंदाजांच्या वाट्याला आले.

याचे कारण दर ठरण्याच्या रीतीत आहे. भारतात फ्लोटिंग गृहकर्ज रेपो दराला बांधलेले असल्याने रिझर्व्ह बँकेकडे डोळे लावून बसणे शहाणपणाचे ठरते. अमेरिकेतली घरकर्जे मात्र एकत्र बांधून रोख्यांच्या रूपाने विकली जातात. घर विकून किंवा स्वस्त कर्ज घेऊन बहुतेक लोक तीस वर्षांच्या कितीतरी आधी मोकळे होतात, म्हणून या रोख्यांची तुलना होते ती दहा वर्षांच्या सरकारी रोख्याशी. फेडचा दर एका रात्रीच्या उसनवारीचा. दहा वर्षांच्या रोख्यात पुढच्या दशकाबद्दल बाजाराचा अंदाज आधीच मिसळलेला असतो. घरकर्जाच्या दराचे भाकीत म्हणजे या अंदाजाचा उद्या होणारा अंदाज.

फेब्रुवारी २००४मध्ये फेडचे अध्यक्ष अ‍ॅलन ग्रीनस्पॅन म्हणाले की, मागल्या दशकात बदलत्या दराचे कर्ज घेतले असते तर अनेकांचे हजारो डॉलर वाचले असते. चार महिन्यांनी त्यांच्याच फेडने दर वाढवायला घेतला, एक टक्क्यावरून पुढे सव्वापाचवर नेला. तीस वर्षांचा दर उलट पहिल्या वर्षात सव्वासहा टक्क्यांच्या आसपासून साडेपाचच्या घरात घसरला. ग्रीनस्पॅन यांनी याला ‘कोडे’ म्हटले. फेडच्या गव्हर्नर मंडळातले बेन बर्नान्की यांनी मार्च २००५मध्ये जगभर साठलेल्या बचतीकडे बोट दाखवले.

नोव्हेंबर २००८मध्ये फेडने स्वतःच घरकर्जांचे रोखे घ्यायचे जाहीर केले आणि या बाजारात एक अवाढव्य गिऱ्हाईक उतरले. जानेवारी २०२१मध्ये दर २.६५ टक्के या नीचांकावर आला. १९८१च्या त्याच एक लाखाला हप्ता ४०३ डॉलर. त्याच वर्षी महागाई परतली, पुढच्या वर्षी फेडची खरेदी थांबली, आणि दहा वर्षांच्या रोख्याशी एरवी पावणेदोन टक्क्यांचे राहणारे अंतर तीनच्या आसपास गेले. ऑक्टोबर २०२३मध्ये दर ७.७९ टक्के होता. तीन टक्क्यांचे कर्ज सोडून घर विकायला कोणी राजी होईना. त्या वर्षी जुन्या घरांची विक्री १९९५नंतरची सर्वांत कमी झाली.

फेडची कपात आली की सुटका होईल, अशी आशा होती. सप्टेंबर २०२४मध्ये पहिली कपात झाली, वर्षअखेरीस ती पूर्ण एक टक्क्यावर गेली. पण कपातीची वाट पाहून बाजारातला दर सप्टेंबरआधीच उतरून बसला होता. उलट सप्टेंबरअखेर ६.०८ असलेला घरकर्जाचा दर जानेवारी २०२५च्या मध्याला ७.०४ झाला.