काशीची शल्यविद्या आणि केशवाहिन्या

काशी ही मोक्षपुरी म्हणून सर्वांना ठाऊक आहे. परंतु शल्यविद्येच्या इतिहासातही तिचे स्थान आहे, हे पुष्कळांच्या ध्यानी नसते. काशिराज दिवोदास धन्वंतरीने शिष्यांना केलेला उपदेश सुश्रुतसंहितेत ग्रथित झाला, अशी परंपरा आहे.

या ग्रंथात दोन विचार दोन ठिकाणी आले आहेत. सूत्रस्थानात रोगांचे सात वर्ग सांगताना पहिला ‘आदिबलप्रवृत्त’ रोगांचा सांगितला आहे. मातापित्यांच्या बीजदोषातून अपत्यात उतरतात ते हे रोग. शारीरस्थानात सिरांच्या विस्ताराला पानातील शिरांची उपमा दिली असून, धमन्यांच्या सूक्ष्म शाखा रोमकूपांपर्यंत जातात, असे म्हटले आहे.

मात्र या वचनांत आजचे सारे शास्त्र शोधू नये. बीजातून येणाऱ्या रोगांत सुश्रुताने कुष्ठ गणले. ‘कुष्ठ’ या शब्दात त्वचेचे अनेक विकार येतात. पण त्यांतील महारोगाचे जंतू नॉर्वेच्या हॅन्सेनला १८७३ मध्ये दिसले. हा रोग रक्तातूनच येतो, या समजुतीचा कलंक कित्येक निरोगी मुलांनी जन्मभर वाहिला. तत्त्व खरे होते, उदाहरण चुकले होते.

केशवाहिन्या दिसण्यास सूक्ष्मदर्शक यावा लागला. हार्वेने १६२८ मध्ये रक्ताभिसरण मांडले; परंतु धमनीतले रक्त शिरेत कसे जाते, हे त्याला दिसले नव्हते. तो दुवा मॅल्पिगीने १६६१ मध्ये बेडकाच्या फुप्फुसात पाहिला.

बीज आणि सूक्ष्म वाहिन्या यांची सांगड एका रोगात स्पष्ट दिसते. भूमध्य समुद्राभोवतीच्या काही समाजांत वारंवार ज्वर, पोटदुखी आणि सांधेदुखी आणणारा एक आनुवंशिक दाहक विकार आहे. त्याचे जनुक १९९७ मध्ये सापडले. नखाच्या मुळाशी तेलाचा थेंब ठेवून भिंगातून पाहता, अशा काही रोग्यांच्या केशवाहिन्या रुंदावलेल्या व वेड्यावाकड्या आढळल्या आहेत. सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा दाहही त्यांना इतरांहून अधिक होतो.

येथे रोगाचे मूळ बीजात आहे, हे अनुमानाने नव्हे, तर परीक्षेने ठरले. सुश्रुतसंहितेचाही दंडक तोच आहे. शव सात रात्री वाहत्या पाण्यात ठेवून, मग त्याचा थर न् थर डोळ्यांनी पाहावा. शास्त्र आणि प्रत्यक्ष मिळूनच ज्ञान वाढते, असे ती सांगते. काशीच्या या परंपरेचा खरा वारसा तिच्या निष्कर्षांत नसून या दंडकात आहे.