विकत घेतलेले सुलतान

'ममलूक' या अरबी शब्दाचा अर्थ 'मालकीचा', म्हणजेच विकत घेतलेला. घरकाम करणाऱ्या गुलामाला मात्र तो सहसा लावला जात नसे. तो घोडेस्वार शिपायाचा शब्द होता. नवव्या शतकात अब्बासी खलिफा मुतसिमने मध्य आशियातील तुर्क गुलामांची फौज उभी केली आणि ८३६ मध्ये तिच्यासह बगदाद सोडून सामर्रा ही नवी राजधानी वसवली. ज्याला गाव नाही, गोत नाही, तो धन्याशीच इमान राखील, असा त्यामागचा हिशेब. तो पंचवीस वर्षांतच चुकला. ८६१ मध्ये तुर्क शिपायांनीच खलिफा मुतवक्किलचा खून केला. तरीही ही पद्धत मोडली नाही, उलट पसरली. दिल्लीचे 'गुलाम घराणे' हे तिचे शालेय पुस्तकांतून परिचित झालेले उदाहरण. पण तिचा खरा कळस झाला तो इजिप्तमध्ये.

तेथील अय्यूबी सुलतान सालिह याने काळ्या समुद्राच्या उत्तरेकडील गवताळ प्रदेशातली किपचाक तुर्कांची मुले खरेदी केली आणि नाईल नदीतील रोदा बेटावर त्यांच्या बराकी बांधल्या. मुलगा बराकीत आला की आधी अरबी लिपी व कुराण आणि मग घोडा, भाला, धनुष्य शिकत असे. शिक्षण संपले की त्याला गुलामीतून मुक्त करून घोडा व हत्यारे देत. त्यामुळे राज्य करणारा ममलूक कायद्याने गुलाम उरत नसे. एका धन्याच्या हाताखाली वाढलेल्यांचे आपसातले नाते सख्ख्या भावांसारखे मानले जाई. सत्तेसाठी एकमेकांचे गळे कापताना मात्र ते आड येत नसे.

सालिहच्या मृत्यूनंतर १२५० मध्ये ममलूकांनी त्याच्या मुलाला, तुरानशाहला, ठार केले. सालिहची विधवा शजरुद्दुर ही स्वतः पूर्वीची दासी. तिने सुमारे ८० दिवस सुलताना म्हणून राज्य केले. दहा वर्षांनी, ३ सप्टेंबर १२६० रोजी, पॅलेस्टाईनमधील ऐन जालूत येथे ममलूक सुलतान कुतुझने मंगोलांचा पराभव केला. बगदाद बुडवणाऱ्या मंगोलांना अडवणे ही लहान गोष्ट नव्हती. तरी कैरोला परतताना त्याच्याच सरदारांनी त्याला मारले आणि त्या कटातला बैबर्स गादीवर बसला. पुढचा मोठा सुलतान कलाऊन 'अल्फी' म्हणून ओळखला जाई, कारण त्याची किंमत हजार दिनार पडली होती. या दरबारात विक्रीची किंमत हा कलंक नव्हता, ती बढाईची बाब होती.

ममलूकाचा मुलगा स्वतंत्र मुसलमान म्हणून जन्मत असल्याने त्याला सहसा ममलूक होता येत नसे. अशा मुलांना 'औलाद अन-नास' म्हणत आणि त्यांच्या वाट्याला दुय्यम फौज येई. राज्यकर्त्यांची प्रत्येक पिढी बाजारातूनच आणावी लागे. कलाऊनच्या वंशजांनी शंभरेक वर्षे गादी राखली खरी, पण त्यांच्यापैकी अनेक जण सरदारांच्या हातचे बाहुले होते. १३८२ मध्ये सर्केशियन ममलूक बर्कूकने तेही संपवले.

१५१७ मध्ये उस्मानी तुर्कांनी कैरो घेतले आणि शेवटचा सुलतान तुमानबे याला झुवैला दरवाजात फाशी दिले. गुलामांची खरेदी मात्र थांबली नाही, आणि ममलूक 'बे', म्हणजे सरदारच, इजिप्तचा कारभार पुढेही हाकत राहिले. १ मार्च १८११ रोजी इजिप्तचा उस्मानी सुभेदार मुहम्मद अली याने त्यांना समारंभासाठी कैरोच्या किल्ल्यात बोलावले आणि परतीच्या अरुंद वाटेवर त्यांची कत्तल केली.