मातीवर माती

वाचक माउली, राका कुंभाराची कथा आपण कीर्तनात अनेकदा ऐकली असेल. राका वाटेने पुढे चालला होता, बायको बांका मागून येत होती. वाटेत सोने पडलेले दिसले. बायकोचे मन चळू नये म्हणून राकाने पायाने माती ओढून ते झाकले. बांका जवळ आली, काय झाकलेत म्हणून तिने विचारले आणि उत्तर ऐकून हसली. मातीवर माती कशाला घालता, असे तिचे म्हणणे. कीर्तनकार येथे बांकाचे वैराग्य नवऱ्याहून कसे वरचढ ते सांगतात आणि टाळ वाजू लागतात.

हे सोने आज वाटेवर नसून आपल्या शेताखाली आहे असे समजा, आणि ते हुडकणारे यंत्र घरपोच मिळते आहे. लांब दांडा, खाली वाटोळे कडे, कानाला लावायला आवाजाची जोडणी. मेटल डिटेक्टर हे त्याचे नाव आता खेड्यापाड्यांतही परके राहिलेले नाही. मार्च 2025 मध्ये बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगडाखाली काय झाले ते आपण वर्तमानपत्रांत वाचले असेलच. ‘छावा’ चित्रपट नुकताच लागला होता, बुऱ्हाणपूरच्या मोगली संपत्तीची चर्चा घरोघर चालली होती. त्यात रस्त्याच्या कामाची माती शेतात पडली आणि तिच्यात सोन्याची नाणी निघतात अशी आवई उठली. लोक रात्री बॅटऱ्या, चाळण्या आणि ही यंत्रे घेऊन दुसऱ्यांची शेते उकरू लागले. शेवटी पोलिसांना यावे लागले. ज्यांच्या शेतात सकाळी नुसते खड्डे उरले, त्यांचे नुकसान कोणी मोजले का?

आपल्या तळेऱ्याकडे गुप्तधनाची ओढ या यंत्राच्या कितीतरी आधीची आहे. अमक्या भरडावर हंडा आहे, त्याला राखणदार आहे, त्याला मान दिल्याशिवाय तो हंडा देणार नाही, अशा गोष्टी लहानपणी कोणी ऐकल्या नाहीत? गोष्ट म्हणून त्या गोड आहेत. पण त्या नादात महाराष्ट्रात माणसांचे बळी गेले, म्हणून 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनाच्या शोधासाठी केलेल्या अघोरी कृत्यांचा वेगळा उल्लेख करावा लागला. यंत्राला नारळ लागत नाही, रक्त लागत नाही, एवढे त्याचे उपकार मानले पाहिजेत. मात्र जी भूक भगताकडे नेत होती तीच या यंत्राकडे नेते आहे, हे विसरू नये.

हे यंत्र ऐकते तरी काय? कड्यात तारेचे वेटोळे असते. त्यातून दिशा बदलत राहणारा विजेचा प्रवाह फिरतो आणि जमिनीत चुंबकीय क्षेत्र तयार होते. त्या क्षेत्रात धातू आला की धातूतही प्रवाह फिरू लागतो आणि त्याची चाहूल यंत्राला लागते. साधे यंत्र एकटे नाणे वीतभर खोलीपर्यंतच ओळखते. आपल्या जांभ्याच्या मातीत लोखंडाचा अंश इतका, की कित्येकदा ते पावलोपावली उगाच ओरडते. गंजलेला खिळा, बैलाच्या पायाची पत्री, बाटलीचे बूच, जुना दुदांडी पैसा, साऱ्यांसाठी त्याच्याजवळ एकच भाषा. धातूपलीकडचे त्याला काही ऐकू येत नाही. या न ऐकू येणाऱ्या गोष्टींविषयीच मला आपल्याशी बोलायचे आहे, आणि त्यासाठी घाट चढून प्रवरेच्या काठी जावे लागेल.

प्रवरा म्हटले की वारकऱ्याला नेवासे आठवते. माउलींनी ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली तो पैस तेथे आहे. त्याच नेवाशाला 1954 ते 1956 या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या हसमुख सांकळियांनी उत्खनन केले. थरामागून थर खाली जाताना ते तीन हजार वर्षांहून जुन्या वस्तीपर्यंत पोहोचले. त्या वस्तीत पुरलेल्या एका लहान मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ निघाली. मणी तांब्याचे असल्यामुळे त्यांच्या आतला धागा पुरता कुजला नव्हता. तो तपासला तेव्हा रेशीम आणि कापूस दोन्ही असल्याचे दिसले. आपल्या देशातल्या रेशमाच्या फार जुन्या खुणांपैकी ही एक. कोणा मायबापांनी मुलाला मातीत ठेवताना गळ्यातली माळ काढून घेतली नाही, हेही त्या धाग्यानेच टिकवले.

माउली, क्षणभर असे समजा की त्या ठिकाणी आधी यंत्र पोहोचले असते. आवाज आला असता, कुदळ पडली असती, मणी धुऊन पुसून बाजारात गेले असते. धागा बोटांतच भुगा झाला असता आणि मूल हाडकांचा ढीग होऊन बाजूला फेकले गेले असते.

त्याच नदीकाठी दायमाबाद आहे. 1974 साली एका भिल्ल शेतकऱ्याला तेथे झुडपाचे मूळ खणताना चार ओतीव मूर्ती मिळाल्या: हत्ती, गेंडा, रेडा आणि दोन बैलांचा रथ हाकणारा माणूस. चारही मिळून साठ किलोंहून अधिक वजन. रथ हाकणारा तो माणूस इतका सहज उभा आहे, की त्याने नुकतीच बैलांना हाक घातली असावी. मूर्ती सरकारी ताब्यात आल्या, वितळल्या नाहीत, हे आपले भाग्य. परंतु त्या जमिनीत नेमक्या कोणत्या थरात, कशाशेजारी, कोणत्या खापरांबरोबर होत्या, हे बाहेर काढतेवेळी पाहणारे कोणी नव्हते. पुढे एस. ए. साळी यांनी तेथे काही वर्षे उत्खनन केले, मूर्तींच्या जागेचा थरांशी मेळ घालून पाहिला आणि त्या सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या, उत्तर हडप्पा काळातल्या ठरवल्या. इतरांनी धातूतल्या आर्सेनिकच्या प्रमाणावरून शंका काढली, कारण तिथल्या तांब्याच्या इतर वस्तूंत ते आढळत नाही. पन्नास वर्षे झाली, वाद चालूच आहे. त्या शेतकऱ्याचा यात तिळमात्र दोष नाही, तो सरपण काढायला गेला होता. पण साठ किलो धातू हाती असूनही त्याचा काळ सांगताना विद्वान अडखळतात. तो काळ भोवतीच्या मातीत लिहिलेला होता.

नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीला 1906 साली चांदीची 13,250 नाणी एकत्र मिळाली. ती क्षत्रप नहपानाची होती. त्यातली नऊ हजारांहून अधिक नाणी गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा ठोकलेली निघाली. नहपानाच्या मुखावर सातवाहनांची चिन्हे, खाली जुना चेहरा अजून डोकावणारा. नाशिकच्या पांडवलेण्यात गौतमी बलश्रीने आपल्या पुत्राने क्षहरातांचा वंश नामशेष केल्याचे कोरून ठेवले आहे. आईने मुलाची केलेली ती थोरवी खरी किती, याचा पुरावा या ढिगाने दिला. एखादे नाणे एकटे मिळाले असते तर ते चांदीचा तुकडा ठरले असते. इतकी नाणी एका जागी राहिली, मोजली गेली, म्हणून कोणाचे राज्य गेले आणि कोणाचे आले ते कळले. आणि ती ज्याने पुरली तो? परत येऊन काढीन, असे म्हणूनच माणूस पुरतो. तो आला नाही, इतके त्या ढिगावरून निश्चित कळते.

आता घाट उतरून घरी येऊ. तळेऱ्याहून महामार्गाने थोडे उत्तरेला गेले की खारेपाटण लागते. विजयदुर्गाच्या खाडीच्या वरच्या अंगाला असलेले हे गाव एकेकाळी मोठी पेठ होती. तारवांतला माल येथे उतरायचा आणि बैलांच्या पाठीवरून घाट चढून वर जायचा. या खारेपाटणला शिलाहार राजा रट्टराजाचा ताम्रपट मिळाला. शके 930, म्हणजे इसवी सन 1008 मधला. दक्षिण कोकणच्या शिलाहार घराण्यातले सणफुल्लापासून रट्टराजापर्यंतचे दहा राजे त्यात ओळीने सांगितले आहेत. या घराण्याविषयी आपल्याला जे ठाऊक आहे त्यातले बहुतेक याच राजाच्या मोजक्या ताम्रपटांवरून. ते वितळून कोणाच्या घरचा हंडा घडला असता, तर दहा पिढ्यांचे राज्य इतिहासातून पुसले गेले असते.

राजांची नावे मला तितकी महत्त्वाची वाटत नाहीत. पट वाचताना मी थांबतो तो पुढच्या मजकुरापाशी. राजाने शिवालयासाठी तीन गावे दिली, शिवाय परदेशातून येणाऱ्या प्रत्येक तारवामागे सोन्याचा एक गद्याणक लावून दिला. चेमुल्य म्हणजे चौल आणि चंद्रपूर म्हणजे गोव्यातले चांदोर यांना एका करातून सूटही दिली. मंदिराच्या सेवेला तेली, माळी, कुंभार, परीट यांची घरे नेमून दिली. हजार वर्षांपूर्वी आपल्या खाडीत परदेशी तारवे येत होती, आणि तेल घालणारा, फुले आणणारा, मडकी देणारा कोण होता, याची नोंद राजाच्या वंशावळीइतक्याच आस्थेने तांब्यावर कोरलेली आहे. ज्या संप्रदायात सावता माळी आणि गोरा कुंभार पूज्य झाले, त्यातल्या वाचकाला या ओळी कोरड्या वाटू नयेत.

हा ताम्रपट पहिल्यांदा वाचून विद्वानांपुढे मांडला तो बाळशास्त्री जांभेकरांनी, मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात. बाळशास्त्री पोंभुर्ल्याचे, म्हणजे आपल्या शेजारचे. ‘दर्पण’कार म्हणून आपण त्यांना ओळखतो, 6 जानेवारीला त्यांचे स्मरण करतो. पण याच बाळशास्त्रींनी 1845 मध्ये ज्ञानेश्वरी शिळाछापावर छापून काढली, ती मुद्रित ज्ञानेश्वरींतली पहिली. घरोघरच्या पारायणाला आज जी पोथी उघडते तिची छपाईची वाट त्यांनी पाडली. तांब्यावर गंजलेली अक्षरे लावून वाचणारे डोळे आणि माउलींची ओवी छापायला देणारे डोळे एकाच माणसाचे होते, हे मला फार मोलाचे वाटते. दोन्ही कामांत एकच जपणूक लागते: समोर आहे ते जसेच्या तसे ठेवायचे, आपल्या मनाचे घालायचे नाही.

कायदा काय म्हणतो? 1878 चा निखात निधी कायदा अजून चालू आहे. जमिनीत दहा रुपयांहून अधिक किमतीचे काही मिळाले तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचे. काय मिळाले, कोठे, कधी. मग जाहीर नोटीस निघते आणि हक्कदारांना पुढे येण्यासाठी चार ते सहा महिन्यांनंतरची तारीख दिली जाते. कोणी आले नाही आणि शेतमालकाशी वेगळा करार नसेल, तर तीन वाटे ज्याला मिळाले त्याचे आणि एक वाटा जमिनीच्या मालकाचा. सरकारला ते हवे असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देऊन सरकार घेते. लपवले तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. संरक्षित स्थळी परवानगीवाचून खणणे हा निराळा गुन्हा आहे.

धातूची किंमत आणि वर पाचवा हिस्सा! माउली, येथे कायदाही त्या यंत्रासारखाच धातू तेवढा ऐकतो. रट्टराजाचा ताम्रपट आज कोणाच्या शेतात निघाला तर या हिशेबाने तांब्याचे किती पैसे हाती येतील? खेपा घालाव्या लागणार, पंचनामे होणार, त्यातून शेजाऱ्यांचा संशय. मग सोनाराचे दुकान जवळचे वाटते. याबद्दल शेतकऱ्याला चोर म्हणणे मला पटत नाही; दीडशे वर्षांपूर्वीचा हा हिशेब बदलायला हवा होता. तरीही सातबारा माझा म्हणून खालचे सारे माझे, हा युक्तिवाद माळकऱ्याच्या तोंडी शोभत नाही. माळ घालताना आपण परद्रव्याचा नियम घेतो. पुरणारा हजार वर्षांपूर्वी मेला म्हणून ते द्रव्य आपले कसे झाले?

भातशेती करणाऱ्याला यंत्राची गरजही नसते. पॉवर टिलर फिरतो, विहीर खणली जाते, घराचा पाया काढला जातो, गडगा ढासळतो आणि वस्तू आपणहून वर येते. असे काही आपल्या कुणग्यात निघाले तर तेथेच हात थांबवावा. पुढे उकरू नये. वस्तू आणि जागा दोन्ही दिसतील असा मोबाइलवर फोटो काढावा, बांधापासून किती पावले आणि किती खोल ते लिहून ठेवावे. नाणे चिंचेने, राखेने घासू नये. चकाकी येते आणि अक्षरे जातात. तलाठी किंवा तहसीलदारांकडे लेखी द्यावे, त्याची पोच घ्यावी, आणि राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयालाही कळवावे. नाणी मडक्यात असली आणि फाळाने मडके फुटले असले, तर त्याची खापरे फेकू नयेत, सगळी गोळा करून नाण्यांबरोबरच ठेवावीत. त्यांवर यंत्र वाजत नाही, पण नाणी कोणत्या काळात पुरली हे पुष्कळदा कुंभाराच्या त्या घडणीवरूनच ठरते.