पाऊस, कोळसा आणि ऊन



विजेचा इतिहास सांगावयाचा म्हटला की वक्ता यंत्रांची जंत्री देऊ लागतो. मला आज निराळा प्रश्न घ्यावयाचा आहे. महाराष्ट्रात वीजनिर्मितीची तंत्रे आली ती कोणत्या हेतूने, आणि त्या हेतूत कोणाला जागा मिळाली?

मुंबईच्या गिरण्या एके काळी दगडी कोळशाच्या वाफेवर चालत. कोळसा दुरून आणावा लागे आणि त्याचा धूर शहरावर पसरे. सह्याद्रीवरचा पाऊस अडवून त्यावर गिरण्या चालवाव्यात, ही कल्पना जमशेटजी टाटांनी मनात धरली. 1904 साली ते निवर्तले. कंपनी निघाली ती 1910 साली. लोणावळा, वळवण आदी तलावांचे पाणी नळांतून सुमारे 1,700 फूट खाली खोपोलीस सोडण्यात आले आणि फेब्रुवारी 1915 मध्ये वीज सुरू झाली. कोळशाच्या वायूने पृथ्वी तापेल असे गणित स्वीडनच्या अऱ्हेनियसने 1896 सालीच मांडले होते. परंतु टाटांना ती चिंता नव्हती. त्यांना हवी होती स्वस्त शक्ती आणि निर्धूर मुंबई. हेतू मर्यादित होता. पण होता, आणि तो साधला.

त्या हेतूत मावळच्या शेतकऱ्याला मात्र स्थान नव्हते. मुळशीच्या धरणासाठी भूसंपादनाच्या कायद्याने भातखाचरे घेतली जाऊ लागली, तेव्हा 1921 साली मावळे सत्याग्रहाला बसले. त्यांचे पुढारी सेनापती बापट स्वतः विलायतेत अभियांत्रिकी शिकण्यास गेलेले होते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. यंत्राचे वैर त्यांना नव्हते. सत्याग्रह मोडला, गावे बुडाली, आणि 1927 साली भिऱ्याहून वीज मुंबईला गेली.

1962 साली कोयनेची वीज आली. परंतु राज्याची भूक पावसाने भागण्याजोगी नव्हती, म्हणून आपण पुन्हा कोळशाकडे वळलो. आपल्या मराठवाड्यात परळीचे केंद्र उभे राहिले. कोळशाच्या केंद्रालाही वाफेसाठी आणि ती थंड करण्यासाठी पाणी लागतेच. 2013 साली आणि पुन्हा 2015 साली पाण्याअभावी परळीचे केंद्र बंद ठेवावे लागले. 2016 साली तर लातूरला आगगाडीने पाणी आणावे लागले! हवा तापली की पाऊस अधिक लहरी होतो, असे शास्त्रज्ञ सांगतात. म्हणजे जो कोळसा पाण्यावाचून जळत नाही, तोच पाण्याचा भरवसा घालवतो.

सूर्याच्या पट्ट्यांना पुसण्यापुरते पाणी पुरते. 2017 साली राज्याने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना काढली आणि 2023 साली तिचा दुसरा टप्पा आणला. गावच्या उपकेंद्राजवळच सौर प्रकल्प उभारावा आणि शेतीपंपांना दिवसा वीज द्यावी, अशी ही योजना आहे. मोटार चालू करण्यासाठी मध्यरात्री बॅटरी घेऊन उसाच्या फडात जाणे म्हणजे काय, हे मुरुमच्या श्रोत्यांना मी सांगावयास नको. पंपाला उन्हाच्या वेळीच वीज मिळाली तर चालते, ती साठवण्याचा खर्च पडत नाही. शिवाय वीज दुरून आणताना होणारी गळतीही वाचते. तंत्र आणि गरज यांचे इतके जमलेले लग्न मला दुसरे दिसत नाही.

या योजनेत खाजगी जमीन संपादन न करता भाड्याने घेतात. दुसऱ्या टप्प्यात भाडे हेक्टरी वर्षाला किमान सव्वा लाख रुपये ठरविण्यात आले. मुळशीच्या मानाने ही मोठीच प्रगती म्हणावी लागेल. परंतु पुष्कळ प्रकल्पांना गायरानही दिले जाते. गायरानाचा सातबारा सरकारच्या नावाचा. मेंढरे मात्र धनगराची, आणि शेण-सरपण गोळा करणारी बाई भूमिहीनाच्या घरची. भाड्याच्या करारावर त्यांची सही लागत नाही. पट्ट्या जमिनीपासून थोड्या उंच बसविल्या, तर त्यांच्याखाली गवत वाढते आणि मेंढरे चरू शकतात. इतर देशांत तसे करतातही. आपल्या गावी प्रकल्प येईल तेव्हा कुंपण कोठे घालावयाचे आणि वाट कोठे सोडावयाची, हे ग्रामसभेने करारापूर्वीच विचारून घ्यावे.